सायकलवरचा न दिसणारा थर

(१९९७च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजन समितीने मला फोन केला तेव्हा सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर आर्टिफिशियल इंटेलिजन्सवर दहा मिनिटं बोल." मी हो म्हटलं आणि मग विषय बदलला. त्याबद्दल समितीने मला आधीच माफ केलेलं आहे. ए.आय. तुमच्या प्रत्येकाच्या फोनमध्ये येऊन बसलंच आहे, त्याला माझ्या ओळखीची गरज नाही. मी बोलणार आहे सायकलवर. त्यातही सायकलवरच्या त्या थरावर, जो दिसत नाही. कारण या मेळाव्यात आपण जो निधी गोळा करतो आहोत, तो शाळेतल्या मुलींच्या सायकलींच्या दुरुस्तीसाठी आहे, आणि तो पैसा दोन पावसाळ्यांत गंजून जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आपल्या दाखल्यावर जिल्हा भंडारा आहे. गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ला, आपण शाळा सोडल्यावर. पण जिल्हा बदलला तरी रस्ते तेच होते आणि सायकली त्याच होत्या. आपल्या वर्गातले निम्मे जण बाहेरगावाहून यायचे. मोठी काळी चोवीस इंची सायकल, सीटवर पाय पोचत नाहीत म्हणून दांड्याखालून पाय घालून कैची मारत यायचं. स्टँडवर एक सायकल पडली की तिच्याबरोबर वीस पडायच्या, आणि तो आवाज ऐकून गणिताचे सर खडू हातात धरून खिडकीशी जायचे. सर आज इथे आहेत, त्यांना आठवत असेल.

माझ्याकडे आज बोलायला एक कारण आहे, ते आधी सांगते. माझे बाबा राइस मिलमध्ये मुनीम होते. गाव ते मिल रोजचा प्रवास सायकलने. बाबांना जाऊन आता दोन वर्षं झाली. सायकल आईकडे ओसरीत उभी आहे. मला तिच्यावरचा गंज काढून ती नीट करायची होती. पुण्यातल्या एका ओळखीच्याने सांगितलं, "पूर्ण घासून पावडर कोटिंग करून घ्या, शोरूममधून आणल्यासारखी दिसेल." आईने एका वाक्यात नकार दिला. म्हणाली, "नवीनच दिसायची असेल तर नवीनच घे ना. ह्या दांड्यावरचा रंग तुम्ही दोघं भावंडं बसून बसून गेलाय. तो तसाच राहू दे."

ते खरं आहे. पुढच्या दांड्यावर वीतभर जागा अशी आहे, जिथे काळा रंग उरलेलाच नाही. तिथे आम्ही बसायचो. खालचं पोलाद घासून चांदीसारखं झालं आहे. चेनकव्हरवर सोनेरी रेघा आहेत, आणि पेंटरने काढलेलं बाबांचं नाव आहे, अर्धं पुसलेलं. हे सगळं दिसलं पाहिजे, आणि गंजलं पण नाही पाहिजे. म्हणजे पारदर्शक थर हवा. प्रश्न एवढा सोपा वाटतो. तो सोपा नाही, आणि का नाही हे शोधताना मला जे कळलं ते तुमच्यासमोर ठेवते.

आधी गंज म्हणजे काय ते पाहू. विज्ञानाच्या बाईंनी आपल्याला तीन परीक्षानळ्यांचा प्रयोग दाखवला होता. एकीत खिळा आणि साधं पाणी, दुसरीत उकळलेलं पाणी आणि वर तेल, तिसरीत कोरडी हवा. गंजला फक्त पहिला. लोखंडाला गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, एकट्याने काम होत नाही. ॲल्युमिनियमही हवेत ऑक्साइड बनवतं, पण त्याचा ऑक्साइड घट्ट चिकटून बसतो आणि आतल्या धातूचं रक्षण करतो. लोखंडाचा गंज भुसभुशीत असतो. तो मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे वरचा रंग उचलतो, आणि उचललेल्या रंगाखाली पाणी साठतं. म्हणजे गंज स्वतःच पुढच्या गंजाची सोय करतो.

आपल्याकडे धानाचा पट्टा, तळी, बोड्या. पावसाळ्यात हवा चार महिने ओली. समुद्र नाही, त्यामुळे खारं वारं नाही, एवढंच आपलं नशीब. पण मीठ आपण दुसऱ्या वाटेने आणतो. सायकलच्या कॅरिअरवर खताचं पोतं येतं. पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. ते मिठाचंच भावंड, आणि लोखंडाच्या बाबतीत मिठाइतकंच वाईट. पोतं गळतं, दाणे मडगार्डवर आणि मागच्या नळ्यांवर पडतात, हवेतली ओल ओढून घेतात. ज्याच्या घरी सायकल आणि खत एकाच खोलीत असतं, त्याची सायकल मागून आधी गंजते. आज घरी जाऊन पाहा.

आता रंगाचं काम. जुन्या काळ्या सायकलचा रंग म्हणजे भट्टीत भाजलेलं इनॅमल, वर सोनेरी रेघा, आणि त्यावर पारदर्शक वार्निश. आपल्याला वाटतं रंग शोभेसाठी आणि वार्निश संरक्षणासाठी. प्रत्यक्षात सगळ्यांत मोठं काम सगळ्यांत खालचा थर करतो, ज्याला पेंटर अस्तर किंवा प्रायमर म्हणतो. लाल ऑक्साइड, पूर्वी शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड, आणि आता झिंक फॉस्फेट. शेंदूर आणि झिंक फॉस्फेट तर लोखंडाशी रसायनाच्या पातळीवर बोलून गंजाची सुरुवातच अडवतात. त्यावरच्या रंगातली पूड सूर्याचे अतिनील किरण अडवते आणि पाण्याची वाट लांब करते. पाण्याला पुडीच्या कणांना वळसा घालत आत शिरावं लागतं.

पारदर्शक थरात यातलं काहीच नाही. पूड घातली तर तो पारदर्शक राहणार नाही. तो सुंदर दिसतो, ओरखडे सोसतो, खालच्या रंगाचं उन्हापासून थोडंफार रक्षण करतो. कारवर असतो तो क्लिअर कोट साधारण ४० ते ६० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहून बारीक. पण तो तिथे प्रायमर आणि रंगाच्या वर बसलेला असतो. तोच थर सरळ उघड्या पोलादावर दिला की त्याच्याकडून आपण अस्तराचंही काम मागतो, आणि ते त्याला येत नाही. आणखी एक गोष्ट. कोणताही रंग, कोणतंही वार्निश पूर्ण जलरोधक नसतं. पाण्याची वाफ आणि ऑक्सिजन त्यातून हळूहळू झिरपतातच. फरक फक्त किती हळू, आणि आत पोचल्यावर त्यांना काय भेटतं, एवढाच.

माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची महागडी सायकल आहे. रंग न देता पोलाद उघडं ठेवून वर फक्त क्लिअर कोट दिलेली. पहिल्या उन्हाळ्यात सगळे तिच्याकडे बघत राहायचे. पावसाळ्यानंतर त्या काचेसारख्या थराखाली तांबूस दोरे दिसायला लागले. वाळवीने भिंतीवर वाट काढावी तसे, नागमोडी. वरून हात फिरवला तर थर गुळगुळीत, कुठे फुटलेला नाही. गंज आतून चालला होता.

या प्रकाराला तंतूसारखा गंज म्हणता येईल. तो पातळ थराखालीच होतो, आणि हवेतली आर्द्रता साधारण ६५ ते ९५ टक्के असली की त्याला मानवतं, म्हणजे आपला जुलै-ऑगस्ट. दोऱ्याचं टोक आम्लधर्मी असतं आणि तिथे ऑक्सिजन कमी असतो. शेपटीकडे ऑक्सिजन जास्त. या फरकामुळे टोक पुढे सरकत राहतं आणि मागे कोरडा गंज टाकत जातं. गंमत म्हणजे हे दोरे सहसा एकमेकांना ओलांडत नाहीत. समोर दुसरा दोरा आला की वळतात. आणि सुरुवात कुठून होते? बऱ्याचदा कोट देण्याआधी लागलेल्या बोटांच्या ठशातून. घामातलं मीठ थराखाली बंद होतं, आणि मग ते वाट पाहत बसतं.

मी इंजिनिअर आहे, ऐकलेल्यावर समाधान होत नाही. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये कानस चालवायला शिकवलं होतं, ते पहिल्यांदाच कामी आलं. पोलादाच्या पट्ट्या कापल्या, पॉलिश पेपरने घासल्या, प्रत्येकीवर वेगळा थर दिला आणि एक पावसाळाभर पुण्यातल्या गच्चीत टांगून ठेवल्या. काही न लावलेली पट्टी दोन दिवसांत तांबूस. बाजारातला स्प्रेचा क्लिअर लॅकर सुरुवातीला सुंदर, नंतर दोरे. प्रायमर आणि रंगाची पट्टी जशीच्या तशी. हे सगळं अपेक्षित होतं. मला खरं कुतूहल होतं ते दोन पट्ट्यांचं, कारण त्यांच्यावर मी आपल्याच भागातल्या दोन गोष्टी लावल्या होत्या: लाख आणि जवस.

देवरी-सालेकसाकडच्या जंगलातला पळस आपण होळीला आठवतो, पण पळसावर आणि कुसुमावर लाखेचा किडाही वाढतो. फांदीवर तो जो राळेसारखा थर घालतो ती लाख. ती स्वच्छ करून पातळ पापडासारखी केली की चपडा. सुताराला विचारा, फर्निचरचं पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेला चपडा. लाखेवर अभ्यास करण्यासाठी १९२०च्या दशकात रांचीजवळ नामकुमला स्वतंत्र संशोधन संस्था निघाली, इतकं तिचं महत्त्व होतं. आपल्या आजोबांच्या काळातल्या ग्रामोफोनच्या तबकड्यांतसुद्धा लाखच असायची. पितळेची भांडी आणि उपकरणं काळी पडू नयेत म्हणूनही लाखेचं वार्निश देत. म्हणजे जगाला पारदर्शक थर पुरवणाऱ्या जंगलात आपण लहानाचे मोठे झालो.

पण सायकलसाठी लाख चालत नाही. पाणी साचून राहिलं की ती पांढुरकी होते, उन्हात मऊ पडते, साबणाच्या पाण्याने खराब होते. माझ्या पट्टीवर ऑगस्टपर्यंत पांढरे डाग आले. घरातल्या लाकडाला उत्तम, बाहेरच्या लोखंडाला नाही.

जवसाची गोष्ट वेगळी. धान कापायच्या आधी ओल्या बांधीत आपण लाखोळी आणि जवस फेकतो, त्यातलाच हा जवस. जवसाचं तेल हवेत वाळत नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्याचं पातळ कातडं बनतं. खोबरेल तसं करत नाही, म्हणून खोबरेल लावलेली सायकल चिकट राहून धूळ धरते. जुने रंग जवसाच्या तेलातच कालवायचे. पोलादी सायकलींची निगा राखणारे लोक जगभरात हे तेल नळ्यांच्या आत घालतात, कारण सायकल बाहेरून गंजते तेवढीच आतूनही गंजते. सीटच्या दांडीजवळून पाणी आत जातं आणि पायडलांच्या मधल्या आडव्या नळीत साचतं. बाहेरून रंग चकचकीत, आणि एक दिवस नळी तिथूनच तुटते. नळीच्या आत पिवळेपणा कोणाला दिसणार? तिथे जवस अगदी योग्य.

एक इशारा मात्र लक्षात ठेवा. जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल घट्ट होताना उष्णता निघते आणि चिंध्यांचा ढीग आपोआप पेट घेऊ शकतो. त्या पसरून वाळवा, किंवा पाण्यात बुडवून ठेवा. शाळेत हे काम करणार असू तर हे वाक्य फळ्यावर लिहिलं पाहिजे.

कोणी म्हणेल, थराशिवाय लोखंड टिकतच नाही का? दिल्लीला कुतुबमिनारजवळचा लोहस्तंभ आपल्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिला असेल. सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आहे. आयआयटी कानपूरचे प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याचं कारण मांडलं. त्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे, आणि त्यामुळे पृष्ठभागावर लोह-फॉस्फेटचा अतिशय पातळ, घट्ट थर तयार झाला. म्हणजे थर तिथेही आहे, फक्त कोणी बाहेरून लावलेला नाही. ओलं होणं आणि वाळणं यातूनच तो वर्षानुवर्षं जमत गेला. आपली सायकलची नळी तशी नाही, तिला आपणच सांभाळावं लागतं.

बाबांच्या सायकलचं शेवटी मी काय केलं ते सांगते. क्लिअर कोट दिला नाही. संग्रहालयात जुन्या धातूच्या वस्तूंवर बारीक मेण लावतात. त्यामागचा विचार मला पटला. जे लावाल ते उद्या काढता आलं पाहिजे, मूळ वस्तूला धक्का न लावता. मी हातमोजे घातले, केरोसीनने जुनं तेल काढलं, स्पिरिटने पुसलं, दांडा उन्हात कोमट केला आणि मेणाचा पातळ थर दिला. वाळल्यावर पुसून पुन्हा एक. दांड्यावरची चांदीसारखी जागा तशीच दिसते, चेनकव्हरवरचं अर्धं नावही. हे मेण उघड्यावर पावसात टिकणार नाही, पण ती सायकल आता ओसरीतच असते. वर्षातून दोनदा मेण लावायचं, एकदा मृग लागण्याआधी आणि एकदा खंडेनवमीला. खंडेनवमीला बाबा सायकल धुऊन हार घालायचेच. पहिल्या वर्षी आईनेच फडकं हातात घेतलं. मला म्हणाली, "तू तिकडून फोनवर सांग, मी इकडे करते." त्या सायकलवर टिकणारा थर म्हणाल तर तो हा आहे. एकदा देऊन विसरून जाता येत नाही, परत परत हात लावावा लागतो.

पण शाळेतल्या मुलीच्या सायकलचं उत्तर याच्या अगदी उलट आहे, आणि इथे मला आपला निधी आठवतो. आपल्या वेळी मुलीला सायकल मिळणं हे घरातल्या मर्जीवर होतं. आपल्या वर्गातल्या दोघी आठवीनंतर आल्या नाहीत. शाळा लांब होती, एवढंच कारण होतं. आता मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, ही फार मोठी गोष्ट आहे. पण सायकल मिळणं आणि ती बारावीपर्यंत चालणं यात चार पावसाळे असतात. त्या मुलीला मेण लावायला वेळ नाही, आणि तिची सायकल ओसरीत नाही, स्टँडवर पावसात उभी असते. तिला पारदर्शक, सुंदर काही नको. तिला अस्तर हवं, रंग हवा आणि डोक्यावर पत्रा हवा.

म्हणून माझ्या पाच सूचना. समितीने त्या टिपून घेतल्या आहेत.

पहिली. नव्या सायकलच्या नळ्यांवरचं प्लास्टिक काढून टाका. रंग नवा राहावा म्हणून ते दोन-दोन वर्षं ठेवतात, पण त्याच्या आत पाणी शिरतं आणि बाहेर पडत नाही. त्या प्लास्टिकखाली सगळ्यांत आधी गंज येतो.

दुसरी. रंगाचा टवका उडाला की त्याच आठवड्यात पॉलिश पेपरने घासा, रेड ऑक्साइड लावा, वर रंग द्या. बारीक ओरखडा असेल तर घासून, कोरडा करून नेलपॉलिश लावलं तरी तात्पुरतं चालतं. हे मी मुलींना सांगितलं तेव्हा त्यांना सगळ्यांत जास्त आवडलं. फक्त बिनरंगी नको, गडद रंगाचं लावा. का, ते आता तुम्हाला माहीत आहे.

तिसरी. वर्षातून एकदा सीटची दांडी वर काढा, पुसा, ग्रीस लावून बसवा. सायकल उलटी करून नळीतलं पाणी काढा, आत जवसाचं तेल फिरवा.

चौथी. खताचं पोतं आणल्यावर सायकल धुवा, पुसा, आणि रात्री खताच्या खोलीत ठेवू नका.

पाचवी आपल्यासाठी आहे. निधीचा पहिला खर्च स्टँडवरच्या पत्र्यावर करू. नवीन सायकली देताना फोटो चांगला येतो, पत्र्याचा फोटो कोणी काढत नाही. पण सगळ्या सायकलींवर एकदम बसणारा थर तोच आहे.

आपल्या बॅचमध्ये आता कोणाचं वेल्डिंगचं दुकान आहे, कोणाचं हार्डवेअरचं, कोणी पंचायत समितीत आहे, कोणी परदेशात. मृगाआधीचा एक रविवार सगळ्यांनी ठरवून शाळेत यावं. पॉलिश पेपर, रेड ऑक्साइड आणि ब्रश मी आणते. हातमोजे प्रत्येकाने आपापले आणा. जे येऊ शकणार नाहीत त्यांनी पत्र्याचा हिशोब उचलावा.

सरांना आणि बाईंना एकच विनंती. त्या दिवशी तुम्ही खुर्ची टाकून बसा आणि आमची कामं तपासा. घासलेलं नीट नसेल तर पूर्वीसारखंच परत करायला लावा.